आमचे हे आणि अम्री राजा

मंडळी, आज चर्चमध्ये आमच्या यांच्या स्मरणाची भक्ती होती. विसरलात ना? विसरणारच, फोनने सांगितल्याशिवाय तुम्हाला स्वतःचा वाढदिवसही आठवत नाही. मी बोलतेय, नात लिहितेय.

जे आले त्यांनी उठून यांच्याबद्दल साक्षी दिल्या. म्हणे, यांनी कधी आवाज चढवला नाही. अहो, यांचा आवाज गल्लीच्या टोकाला रिक्षावाल्यांना ऐकू जायचा. मी नुसती बसून होते. रडू आलं नाही, हसूही नाही. कोणा परक्याची भक्ती वाटली.

नात कॉलेजात इतिहास शिकवते. ती म्हणाली, "आजी, बायबलातल्या राजांचंही असंच. अम्री इस्राएलाचा एवढा मोठा राजा, शत्रूने त्याचं नाव दगडात कोरलं. आपल्या शास्त्रात त्याला चार ओळी, आणि वाईट होता म्हणून निकाल."

"म्हणजे खोटं लिहिलं?"

"खोटं नाही गं. लिहिणाऱ्याला हवं तेवढंच."

मग माझा माणूस मी कुठे शोधू? मला ना दगड वाचता येत, ना कागद. तुमच्यापैकी कुणाला यांनी फैलावर घेतलं असेल, तर येऊन सांगा, जसंच्या तसं.

येणं जमत नसेल तर केळी नि बिस्किटं पाठवू नका. जिभेला कशाचीच चव लागत नाही. भाकरी आणि झणझणीत ठेचा पाठवा.