मागच्या सीटवरची झोप

ऑफिसच्या तळघरात साहेबलोकांच्या गाड्या लागत, आणि त्यांचे ड्रायव्हर पाण्याच्या टाकीशेजारी प्लास्टिकच्या खुर्च्या टाकून जगाचा निकाल लावत बसत. त्यातल्या सगळ्यात कमी बोलणाऱ्या माणसाचं नाव बाकीच्यांनी पाळणा ठेवलं होतं. कारण त्याच्या गाडीत जो बसेल त्याचा डोळा लागे. एकदा त्याने त्यांच्यातल्याच एका तोंडाळ ड्रायव्हरला घरी सोडलं. तो पठ्ठ्या आपल्या मालकाच्या सात पिढ्यांचा उद्धार करत गाडीत बसला आणि तिसऱ्या पिढीपर्यंत पोचायच्या आत घोरायला लागला. तेव्हापासून नाव पक्कं झालं.

पाळणा गाडी चालवायचा म्हणजे काय, तर ब्रेक कधी लागला ते ब्रेकलाही कळू द्यायचा नाही. पुढचा सिग्नल लाल होणार हे त्याला आधीच कळे, आणि कुणाच्या लक्षात यायच्या आत गाडीचा वेग उतरलेला असे. बायको म्हणायची, "यांच्या हातात तापलेल्या दुधाचं पातेलं दिलं तर साय मोडायची नाही. पण तेवढं पातेलं हातात घेतील तर शपथ." त्यावर तो हसायचा. मनातून त्याला या गोष्टीचा फार अभिमान होता, आणि का नसावा? आयुष्यात दुसरं काही मिरवण्यासारखं त्याच्याकडे नव्हतं.

साहेबांची गाडी लांब, काळी, आलिशान सेडान होती. दार लावलं की बाहेरचं जग तिथल्या तिथे गप्प होई. साहेबांना घरी झोप येत नसे. डॉक्टर झाले, गोळ्या झाल्या, खोली बदलून झाली, पलंग बदलून झाला. झोप यायची ती फक्त या गाडीत, मागच्या डाव्या सीटवर. आणि गाडी थांबली की पट्कन मोडायची. पहिल्यांदा असं घराच्या फाटकाशी झालं तेव्हा साहेब डोळे चोळत म्हणाले होते, "अरे, जरा फिरवून आणायचंस ना!" त्यांनी ते हसत म्हटलं होतं, पण पाळण्याने तो हुकूम मानला. त्यानंतर फाटकाशी आल्यावर तो आरशात बघे. साहेब झोपलेले असले तर गाडी न थांबवता पुढे नेई, रुग्णालयावरून, शाळेवरून, बागेवरून वळसा घालून परत आणी. साहेबांची बायको, बाई, वरच्या खिडकीतून बघत. गाडी फाटकावरून पुढे गेली की त्या स्वयंपाकघरात सांगत, "झोपलेत वाटतं. घाई नको करू वाढायची." सगळं घर या वळशाला सरावलं होतं.

त्या दिवशी साहेब दुपारीच ऑफिसातून निघाले. "पित्त झालंय बहुतेक," एवढंच म्हणाले आणि डोळे मिटून मागे टेकले. फाटकाशी आल्यावर पाळण्याने आरशात पाहिलं. मान खिडकीकडे कललेली, तोंड जरासं उघडं. छान झोप लागलीय, असं मनात म्हणत त्याने गाडी पुढे नेली. रुग्णालयाच्या दारासमोर नेहमी हॉर्नचा कालवा असतो. साहेबांची झोप मोडू नये म्हणून तिथे तर तो अगदी अलगद, कडेकडेने गेला. मग बागेच्या वळणावर ऊन आत आलं आणि थेट साहेबांच्या चेहऱ्यावर पडलं. साहेबांनी तोंड फिरवलं नाही.

त्यानंतर त्याने रुग्णालयाकडे गाडी कशी पळवली ते त्यालाही सांगता येत नाही. पण उशीर झाला होता.

मोठा झटका होता, काही करता आलं नसतं, असं डॉक्टर बाईंना म्हणाले. आणि मग जो तो येऊन पाळण्याची पाठ थोपटू लागला. काय भाग्यवान माणूस, झोपेत गेला! काय नशिबाने ड्रायव्हर मिळाला! साहेबांच्या मेव्हण्याने तर त्याचे दोन्ही हात हातात घेतले आणि डोळ्यांत पाणी आणून म्हणाला, "तुमच्यामुळे त्यांना काही त्रास झाला नाही हो." पाळण्याला वाटलं, धरणी दुभंगावी आणि आपल्याला पोटात घ्यावं. रुग्णालयाच्या दारासमोरून आपण अलगद गेलो तेव्हा साहेब होते की नव्हते, हा एकच प्रश्न त्याच्या डोक्यात घण घालत होता. कुणीतरी तो विचारावा, चारचौघांत विचारावा, तोंडावर विचारावा, म्हणून तो वाट बघत राहिला. विचारलं कुणीच नाही. उलट तळघरात त्याचं नाव आणखीच आदराने घेऊ लागले.

पुढचे काही महिने लांब गाडी नुसतीच उभी असे. बॅटरी उतरू नये म्हणून पाळणा अधूनमधून ती एकटाच फिरवून आणी. तेव्हा वळणावर गाडी मागून डावीकडे जराशी दबल्यासारखी त्याला वाटे. रिकामी गाडी आणि माणूस बसलेली गाडी यांतला फरक त्याच्या हाताला कळायचा, आणि हात सांगत होता की मागे कुणीतरी आहे. गाडी इतकी शांत की आत आवाज असा नसेच, फक्त एक मंद श्वास. तो एसीचा असेल, असणारच. तरी पाळणा मान वळवून बघत नसे. आरसा त्याने वर छताकडे फिरवून ठेवला होता आणि बाजूच्या आरशांवर भागवत होता. फाटकाशी परत आल्यावर मात्र गाडी बंद करण्याआधी तो हलक्या आवाजात म्हणे, "पोचलो, साहेब." हे त्याने बायकोलाही सांगितलं नव्हतं. तिने त्याला सरळ वेड्यात काढलं असतं.

साहेबांची मुलगी, तिला सगळे ताई म्हणत, वडील गेल्यापासून आईजवळ येऊन राहिली होती. बाईंचे गुडघे कामातून गेलेले. लांब गाडीत बसायचं म्हणजे खाली विहिरीत उतरल्यासारखं, आणि उतरायचं म्हणजे दोघांनी हात धरून ओढायचं. म्हणून ताईने उंच गाडी बघितली. क्रॉसओव्हर. शोरूमवाल्यांनी ती दिवसभरासाठी चालवून बघायला दारात आणून लावली.

"काका, आधी आपली चालवा, मग ही चालवा. त्याच रस्त्याने," ताई म्हणाली. "आणि मला खरं खरं सांगा, कशी वाटते. रोज आईला घेऊन तुम्हालाच जायचंय."

रोज. पाळण्याने मान डोलावली. त्याने मनाशी ठरवून टाकलं होतं. नवी गाडी चांगली आहे म्हणायचं, दोन्ही गाड्यांच्या किल्ल्या ताईच्या हातात द्यायच्या आणि नमस्कार करून घरी जायचं. मागच्या सीटवर पुन्हा माणूस बसवायची त्याची छाती नव्हती. डोळ्यांना कमी दिसतं, हे कारणही त्याने तयार ठेवलं होतं. कमी दिसत नव्हतं. दिसतं तेच जास्त होतं.

लांब गाडीचं मागचं दार त्याने सवयीने उघडलं आणि ताई आत शिरून मागच्या डाव्या सीटवर बसली. त्याच्या अंगावर सर्रकन काटा आला. तिथे साहेबांनंतर कुणी बसलं नव्हतं. निदान दिसेल असं कुणी.

गाडी निघाली. रस्त्यावरचा खड्डा गाडीला कळत होता, आतल्या माणसाला कळत नव्हता. स्टेअरिंग जड, भरीव, एका बोटाने वळवावं तरी आब राखून वळणारं. इतकी वर्षं या गाडीने त्याला कधी दगा दिला नव्हता, आणि आज प्रथमच त्याला तिचा राग आला. एवढी कसली शांतता? गाडीने माणसाला सांभाळावं, पण सांभाळावं म्हणजे त्याचं बरंवाईट पुढच्याला कळूच देऊ नये की काय? मागून श्वास ऐकू येत होता. तो ताईचा होता, तरी त्याचे तळहात घामाने ओले झाले. वळसा घालून गाडी फाटकाशी आली तेव्हा 'पोचलो, साहेब' त्याच्या अगदी ओठांवर आलं होतं. ते त्याने कसंबसं गिळलं.

मग उंच गाडी. इथे खाली उतरायचं नव्हतं, खुर्चीवर बसावं तसं नुसतं बसायचं होतं. बसल्या बसल्या समोरच्या गाड्यांची टपं दिसली आणि त्याला उगीच माडीवर चढल्यासारखं वाटलं. स्टेअरिंग इतकं हलकं की पहिल्या वळणाला त्याने गरजेपेक्षा जास्तच फिरवलं, आणि गाडी बाजूला झुकली. ताईने दाराची मूठ धरली. "सॉरी हां ताई," तो म्हणाला. आपण गाडीत पहिल्यांदाच माफी मागितली, हे त्याच्या नंतर लक्षात आलं. स्पीडब्रेकर आला तर गाडीने तो साळसूदपणे लपवला नाही, सरळ सांगून टाकला. वाऱ्याचा आवाज आत येत होता, टायरचा येत होता, मागच्या सामानाच्या जागेत काहीतरी खडखडत होतं. या सगळ्यात श्वास कुठेच ऐकू येत नव्हता. मागे कुणाचा भार आहे, कुणाचा नाही, हातालाही कळेना.

पाळण्याचे खांदे सैल पडले. कित्येक महिन्यांत प्रथमच त्याला हायसं वाटलं, आणि लगेच त्या हायसं वाटण्याचीच लाज वाटली. साहेबांना तिकडे त्या शांत गाडीत एकट्याला टाकून आपण इकडे मोकळे झालो, असं त्याच्या मनात आलं. डोळे भरले. पण चालवताना डोळे पुसणं त्याच्या नियमात बसत नव्हतं.

फाटक जवळ आलं. या गाडीचा आरसा शोरूमवाल्यांनी लावलेला, छताकडे न फिरवलेला. पाळण्याची नजर सवयीने वर गेली.

ताईची मान खिडकीकडे कलली होती. तोंड जरासं उघडं होतं.

त्याच्या पायाने त्याला विचारलं नाही. ब्रेक असा लागला की गाडीने पुढे नाक खुपसलं, मागच्या स्कूटरवाल्याने शिव्यांची लाखोली वाहिली, आणि पाळणा पट्ट्यात अडकलेल्या अवस्थेत मागे वळून ओरडला, "ताई! ओ ताई! उठा! ताई!"

ताई दचकून उठली. केस तोंडावर आलेले. "काय झालं? कुणाला लागलं का?"

"नाही. कुणाला नाही." त्याचा आवाज फाटला होता. "तुम्ही झोपला होतात."

"झोपले होते?" तिला स्वतःलाच खरं वाटेना. "रात्र रात्र डोळ्याला डोळा लागत नाही माझा, काका." मग ती त्याच्याकडे बघत राहिली. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. स्कूटरवाला वळसा घालून निघून गेला. ताई हळूहळू सरळ बसली. तिने विचारलं ते रागाने नव्हे, खूप दिवस तोंडात धरून ठेवलेली गोष्ट बाहेर पडावी तसं विचारलं.

"बाबांना का नाही हो अशी हाक मारलीत?"

शेवटी विचारलं कुणीतरी. पाळण्याला वाटलं होतं, हा प्रश्न कानावर आला की आपण कोसळू. तो कोसळला नाही. त्याने गाडी कडेला घेतली, इंजिन चालूच ठेवलं आणि समोर बघत बोलला. "झोपलेत असं वाटलं, ताई. झोप मोडू नये म्हणून रुग्णालयावरून आणखी हळू नेली. तेव्हा ते होते की नव्हते, मला माहीत नाही. हाक मारायला हवी होती. एकदा तरी मारायला हवी होती."

"मी पण त्या दिवशी फोन केला नाही," ताई म्हणाली. "आईनेच कळवलं होतं, लवकर निघालेत म्हणून. म्हटलं, गाडीत झोपले असतील, कशाला उठवा." आणि ती रडायला लागली. सगळ्यांसमोर रडली होती तसं नव्हे, लहान पोरीसारखं, नाक ओढत, आवाज करत. पाळण्याने तिला रडू दिलं. त्याचेही गाल ओले झाले आणि गाडी थांबलेली असल्यामुळे त्याने ते पुसले.

"अशी आईसमोर नाही जाता येणार मला," ती थोड्या वेळाने म्हणाली. "जरा चालवा. पण गप्प बसू नका, काका. बोलत राहा. आणि आई बसेल तेव्हाही बोलत राहायचं. तिला झोपू द्यायचं नाही. झोपलीच तर हाक मारायची."

किल्ल्या देऊन नमस्कार करायचं राहून गेलं. पाळण्याने गाडी रस्त्यावर घेतली. पण बोलायचं काय? सगळी हयात त्याने न बोलता लोकांना झोपवलं होतं, स्वतः बोलून कुणाला जागं ठेवायची त्याच्यावर वेळच आली नव्हती. घसा खाकरून त्याने तिने सकाळी सांगितलेल्या कामालाच हात घातला.

"ही उंच आहे," तो म्हणाला. "बाईंना चढउतर सोपी जाईल."

पुढे रुग्णालय आलं होतं. दारापाशी हॉर्नचा नेहमीचा कालवा चालू होता. पाळणा आरशात बघत होता.

"ताई?"

"हं."

"वळणावर जरा झुकते. हाताला सवय व्हायला वेळ लागेल."

"हं."

"आणि आवाज फार येतो," तो म्हणाला, आणि तिने पुन्हा हं म्हणेपर्यंत त्याने पुढचं वाक्य उच्चारलं नाही.