वजनावर घेतलेल्या बॅटऱ्या

गोदामात सगळे त्याला काटा म्हणत. आईवडिलांनी ठेवलेलं नाव चांगलं होतं, पण ते पगारपत्रकाबाहेर फारसं फिरलं नाही. पोतं पाठीवर घेतलं की दोन पावलांत तो वजन सांगायचा. मग लोक पोतं लोखंडी काट्यावर टाकून खात्री करायचे. बहुतेक वेळा दोन्ही काटे जुळायचे. नाही जुळले तर तो लोखंडी काट्याला तेल द्यायला सांगायचा.

निवृत्तीनंतर हमाली सुटली, पण हाताची सवय सुटली नाही. घरात येणारी वस्तू आधी त्याच्या हातातून जायची. पातेलं उचलून बघायचा, कुलूप उचलून बघायचा, नव्या चपलांचा डावा पाय उजव्याशी ताडून बघायचा. जावई पहिल्यांदा घरी आला तेव्हा त्याची बॅग आत ठेवायच्या निमित्ताने याने ती उचलली आणि स्वयंपाकघरात जाऊन बायकोला म्हणाला, "मुलगा भरीव आहे." बॅगेत जावयाचे व्यायामाचे डंबेल्स होते, हे मागाहून कळलं. जावई भरीव निघाला की नाही, यावर घरात अजून एकमत नाही.

काट्याचं तत्त्व सरळ होतं. जड ते खरं. वस्तू हलकी असेल तर ती बनवताना कुणीतरी अंग चोरलेलं असणार.

त्याची बायको इस्पितळात आया होती. इस्पितळ टेकाडावर, घर खाली, मध्ये लांबलचक चढ. कित्येक वर्षं रात्रपाळी केल्यावर तिला दिवसपाळी मिळाली होती. दिवसा राबायचं आणि रात्री आपल्या अंथरुणात पाठ टेकायची, एवढीच तिची चैन. त्यासाठी तिने हप्त्यावर बॅटरीवरची स्कूटर घेतली होती. हप्ते फिटले आणि बॅटऱ्यांनी मान टाकली. सपाट रस्त्यावर स्कूटर गुणी मुलासारखी चालायची. चढ लागला की अर्ध्यावर फतकल मारायची. बाई उतरून ढकलत वर जायची. दोनदा हजेरीला उशीर झाला. मेट्रनबाईंनी चष्म्यावरून बघत सांगितलं, आणखी एकदा उशीर झाला तर दिवसपाळी दुसरीला.

"सोमवारच्या आत बॅटऱ्या बदला," बायको म्हणाली. "मला पुन्हा रात्री जागायचं नाही."

"बदलतो की."

"आणि शॉकभावजींना विचारून घ्या."

शॉक म्हणजे गल्लीच्या तोंडाशी बॅटऱ्या दुरुस्त करणारा माणूस. त्याचे केस कायम उभे असायचे आणि तो स्वतः कायम बसलेला असायचा. टेबल, मीटर, चहाचा ग्लास, सगळं हाताच्या अंतरावर. गिऱ्हाइकालाच सांगायचा, तो पाना द्या, ती वायर धरा. काट्याच्या मते ज्या धंद्यात पाठीला घाम येत नाही तो धंदा नव्हे, उचलेगिरी.

तरी शुक्रवारी तो गेला. घरात विचारलं तर खोटं बोलावं लागू नये म्हणून.

"कंपनीचा तो नवा, लिथियम बॅटरीचा हलका डबा येतो," शॉक म्हणाला, "पण त्याला चार्जरही वेगळा लागतो. परवडायचा नाही तुम्हाला. साध्या शिशाच्याच घ्या. पाचही एकदम बदला. एकाच कंपनीच्या, एकाच महिन्यात बनलेल्या. अंगावर तारीख असते ती बघा."

"आणि वजन?"

"वजनाचं काय करायचंय काका? गाडीत बसवायच्या आहेत, खांद्यावरून न्यायच्या नाहीत."

"तुमच्याकडे आहेत?"

"रविवारी माल येतोय. थांबा दोन दिवस."

काट्याने मान हलवली. बसल्या जागी सल्ला देणारा आणि वर थांबा म्हणणारा. तो थेट बाजारात गेला.

मोठ्या शोरूममध्ये एका मुलीने त्याला तो हलका डबा दाखवला. काट्याने तो एका हाताने उचलला, मग दोन बोटांनी.

"यात काही भरायचं राहिलंय का?"

"नाही काका, हलका असतो तेच याचं वैशिष्ट्य आहे."

"आणि पैसे जास्त?"

"हो. हलका आहे ना."

काटा डबा खाली ठेवून बाहेर पडला. हलकेपणाचे जादा पैसे मागणारं दुकान त्याने आयुष्यात पहिल्यांदाच पाहिलं होतं.

पुढच्या गल्लीत एक अरुंद दुकान होतं. तिथला दुकानदार गिऱ्हाईक उंबऱ्यावर यायच्या आधीच हसायला लागायचा. त्याच्याकडे पाच कंपन्यांच्या बॅटऱ्या भिंतीला रचलेल्या होत्या. काट्याने बाह्या सरसावल्या. एकेक बॅटरी उचलायची, डोळे मिटायचे, क्षणभर तोलायची, खाली ठेवायची. दुकानदार आधी गोंधळला, मग त्याने स्टूल ओढून बसून घेतलं. असं गिऱ्हाईक रोज येत नाही, हे त्याला कळलं होतं.

"काका, एकाच कंपनीच्या देऊ का पाच?"

"कशाला? एका टोळीत पाचही पहिलवान कुठे असतात. प्रत्येक टोळीतला एकेक घेतो."

"काय हात आहे काका तुमचा. मशीन फिकं पडेल."

प्रत्येक कंपनीतली सगळ्यांत जड अशी एकेक बॅटरी काट्याने बाजूला काढली. वर्षभर न खपलेले पाच जुने नग एकदम खपले. दुकानदाराने त्यातल्या एकीवरची धूळ स्वतःच्या बाहीने पुसली. तारखेकडे कुणी बघितलं नाही. पाचवी तर इतकी जड होती की काट्याने ती पुन्हा एकदा नुसती मजा म्हणून उचलली.

शनिवारी त्याने स्वतःच्या हाताने बॅटऱ्या बसवल्या. जागा घट्ट होती, पण त्याने गुडघा लावून त्या बसवल्याच. सपाट रस्त्यावर स्कूटर झकास पळाली. तरी काटा नुसत्या पळण्यावर विश्वास ठेवणारा नव्हता. माल पोचवायचा तर आधी मालासकट बघायचं, ही त्याची जुनी रीत. रविवारी दुपारी त्याने कोपऱ्यावरच्या बांधकामावरून दोन पोती वाळू मागून आणली आणि दोरीने सीटवर बांधू लागला.

बायको दारात आली. "हे काय?"

"ही तू."

"मी?"

"सोमवारी चढावर तू बसणार. आज ही बसतील."

बायकोने पोत्यांकडे नीट पाहिलं. "दोन लागली?"

"एकात मावत नव्हतीस."

"तुम्हाला काय माहीत माझं वजन?"

"पाय मोडला होता तेव्हा जिन्यावरून कुणी आणलं होतं?"

"त्याला झाली की वर्षं. तेव्हापासून काटा हललाच नाही वाटतं." ती आत गेली. आतून तिचाच आवाज आला, "हललाय म्हणून तर दुसरं पोतं."

बायको आपली आपणच उत्तर देऊन मोकळी झाली. काट्याने दोरीची शेवटची गाठ मारली. तो स्कूटरवर पुढे अवघडून बसला आणि निघाला.

चढाचा पहिला टप्पा स्कूटरने हसत घेतला. दुसऱ्या वळणावर आवाज बारीक झाला. पाण्याच्या टाकीपाशी समोरचा दिवा मिणमिणला आणि स्कूटर थांबली. काट्याने बटण बंद केलं, चालू केलं. ती हातभर पुढे सरकली आणि पुन्हा थांबली.

खाली सोडून द्यायची तर उताराने पाच मिनिटांत घर आलं असतं. पण काट्याने तसं केलं नाही. स्कूटर बंद पडली म्हणून बायको कुठे अर्ध्यातून घरी परतत होती? तिला वरच जावं लागत होतं. त्याने दोरी आवळली, हँडल धरलं आणि ढकलायला लागला.

पोतं पाठीवर असलं की ते अंगाचं ऐकतं. ढकलायचं ओझं अंगाचं ऐकत नाही. ते सतत मागे यायला बघतं. थांबलं तरी धरून ठेवावं लागतं, म्हणजे विसावासुद्धा कष्टाचाच. आयुष्यभर ओझी वाहिलेल्या माणसाला ही जात माहीत नव्हती. आणि यात स्वतः निवडून घेतलेल्या पाच पहिलवानांचं वजन वेगळं. ते पहिलवान आत आरामात बसले होते आणि हमाल त्यांना वर नेत होता.

इस्पितळाच्या फाटकापाशी पोचला तेव्हा त्याचा सदरा घामाने पाठीला चिकटला होता. पहारेकऱ्याने पोत्यांकडे बघून विचारलं, "पेशंट कुठे आहे?"

"मीच," काटा म्हणाला आणि कठड्यावर बसला.

मग उताराने खाली येऊन तो सरळ शॉकच्या टेबलापुढे थांबला. शॉकने वाळू बघितली, बॅटऱ्या बघितल्या, चहा संपवला.

"पाच जणींची पाच घराणी," तो म्हणाला. "काढा बाहेर. एकेक इथे ठेवा. मी सांगतो तसं धरा."

त्याने एकेका बॅटरीला मोठा दिवा जोडला आणि मीटर लावलं. चार दिवे कमीजास्त पेटत राहिले. पाचवा, म्हणजे सगळ्यांत जड बॅटरीचा, बघता बघता डोळे मिटायला लागला.

"ही तर सगळ्यांत भारी आहे," काटा म्हणाला.

"काका, पाच जण एका दोरीने गाडा ओढतायत असं समजा. एक मध्येच बसला की बाकीच्यांनी माल ओढायचा आणि त्यालाही ओढायचं. मग सगळेच बसतात."

हे काट्याला सांगायची गरज नव्हती. गोदामात असा एक होता. अंगापिंडाने सगळ्यांत दांडगा, आणि शिडीवर चढायची वेळ आली की हटकून चपलेचा अंगठा तुटायचा. त्याला टोळीतून काढायला काट्यानेच पुढाकार घेतला होता.

शॉकने त्या बॅटरीचं झाकण काट्याकडूनच उचकटून घेतलं. एका कप्प्यात शिशाच्या पातळ पट्ट्या आणि आम्ल असायला हवं, ते नव्हतंच. सिमेंटची भरीव वडी होती, नीट घोटून बसवलेली.

काट्याने ती वडी हातात घेतली. उलटीपालटी करून बघितली. "काम मात्र सफाईदार केलंय," तो म्हणाला.

"तुमच्यासारख्यांसाठीच करतात."

"माल आला का तुमचा?"

"आला. पण आधी हात खिशात घाला."

काट्याने हात खिशात घातले. शॉकने एकाच खोक्यातून पाच बॅटऱ्या निवडल्या. तारखा मोठ्याने वाचून दाखवल्या, एकेकीला दिवा लावून दाखवला. पाचही सारख्या, पाचही मध्यम, एकीतही नाव घेण्यासारखं काही नाही. खिशात काट्याची बोटं चुळबुळत होती. जुन्या पाच आणि बाजारातल्या धडक्या चार शॉकने मोडीत धरून घेतल्या. सिमेंटची वडी त्याने परत दिली. "ही ठेवा. दाराला लावायला होईल."

बॅटऱ्या बसवून झाल्यावर काटा पुन्हा त्याच दोन पोत्यांसकट चढ चढून आला. स्कूटर कुठे थांबली नाही, तोही कुठे उतरला नाही. घरी येऊन त्याने बायकोला सगळं सांगितलं. सिमेंटचंही सांगितलं, कारण शॉक उद्या सांगणारच होता.

बायकोने ऐकून घेतलं. "म्हणजे भावजींचं ऐकलं असतं तर शुक्रवारीच झालं असतं."

"माल रविवारी आला."

"मग शुक्रवार ते रविवार गप्प बसायचं होतं. ते जड गेलं असतं का?"

सोमवारी ती निघाली. काटा दाराशी उभा राहिला, मग चढाच्या तोंडापर्यंत गेला, मग लोक बघतात म्हणून परत आला. दिवसभर त्याने घरातल्या एकाही वस्तूला विनाकारण हात लावला नाही. संध्याकाळी स्कूटर अंगणात आली तेव्हा तो उठून उभाच होता.

"वेळेत पोचलीस?"

"पोचले. मेट्रनबाई नसत्या पोचल्या. त्यांची स्कूटर टाकीपाशी बंद पडली होती. घामाने चष्मा नाकावरून घसरत होता. मी मागे बसवून नेलं."

"दोघी? चढावर?"

"दोघी. हजेरी एकदमच लावली. दिवसपाळी पक्की म्हणाल्या, आणि उद्यापासून सकाळी न्यायला येशील का, असं विचारत होत्या."

"मग?"

बायकोने चार्जरची वायर काढून स्कूटरला लावली. "म्हटलं, रोज नाही जमायचं बाई. बॅटऱ्या नव्या आहेत, पण फुकटात आलेल्या नाहीत."