कुंपणापलीकडचं इंजिन

मेहुण्याने भेट दिलेलं हातभर लांब इंजिन खरंच वाफेवर चालतं असं समजून मी त्याच्या धुरांड्यात तांब्याभर पाणी ओतलं. ते बॅटरीवरचं होतं. चाकं फिरत राहिली, पण आतल्या स्पीकरची छुकछुक जाऊन नुसती खरखर उरली. रविवारी मेहुणा लोणावळ्याला आमच्याकडे येणार होता. "दादासमोर माझी शोभा करू नका," बायकोने बजावलं.

शेजारचे गृहस्थ जवळच्या कान्हे गावचे, रेल्वेतून निवृत्त झालेले. पंखा असो की मिक्सर, स्क्रू-ड्रायव्हरचं टोक त्याला टेकवून, मूठ कानाला लावून, डोळे मिटून ऐकतात.

"भाऊ, लय पानी पाजलं तुमी. घसा बसलाय त्याचा."

त्यांनी जुन्या रेडिओचा स्पीकर जोडून पाहिला. खरखर तशीच.

"न्हाई बोलायचं आता ते. तुमी नुसतं चालवा, आवाजाचं मी बगतो."

रविवारी बागेत मांडलेल्या रुळांवर इंजिन निघालं आणि जास्वंदीच्या कुंपणाआडून असा दमदार आवाज आला की मेहुणा बघतच राहिला. वळणावर इंजिन घसरून आडवं पडलं. आवाज मात्र घाट चढतच होता. वर शिटीही झाली.

"वाफ उरली असेल," मी म्हणालो.

मेहुणा गेल्यावर बायको म्हणाली, "दादाला सगळं कळलं. म्हणाला, दुरुस्त करू नका. मूळचा आवाज इतका चांगला नव्हता."