खात्रीकाका आणि लाल खुंटी

किल्ल्या बनवून देणाऱ्या या गृहस्थांना सगळे खात्रीकाका म्हणत. समोरच्याने काहीही सांगितलं की त्यांचा प्रश्न ठरलेला, "पण खात्री काय?" कुणी दुसरी किल्ली करून मागायला आला, तर आधी त्याला खालून वर न्याहाळायचं, मग किल्ली उजेडात धरायची आणि विचारायचं, "ही तुमचीच ना?" एकदा हवालदार स्वतःच्या कपाटाची किल्ली घेऊन आला, तर काकांनी त्याच्याकडेही ओळखपत्र मागितलं. बायको म्हणायची, "लग्नात माझ्याकडे ओळखपत्र मागितलं नाहीत, हेच माझं नशीब." त्यावर काका तिलाही खालून वर न्याहाळायचे, आणि ते काही बरं लक्षण नव्हतं.

धंदा मात्र समुद्राच्या कृपेने बरा चालायचा. खारी हवा कुलपांना सुखाने नांदू देत नाही. काकांच्या खिशात तेलाची लहानशी बाटली कायम असायची. येताजाता ओळखीच्या दारावरचं कुलूप गंजलेलं दिसलं, की दोन थेंब सोडून पुढे जायचे, पैसे घ्यायचे नाहीत. संशयी माणसाचा एवढा एक दानधर्म होता.

दुकानातल्या भिंतीवर किल्ल्यांची झुंबड, पण गल्ल्याच्या वरच्या खिळ्यावर एकच किल्ली वेगळी टांगलेली. ती धाकट्या बहिणीच्या घराची. नवरा गेल्यावर ती माहेरी आली, घरीच शिवणकाम करू लागली, वडिलांचं आजारपण तिनेच काढलं, म्हणून वडिलांनी किनाऱ्यावरचं घर तिच्या नावावर केलं. त्या वेळी कागद वाचून काकांच्या तोंडून सवयीने निघून गेलं होतं, "सही करताना ते शुद्धीवर होते याची खात्री काय?" बहीण ते ऐकून आत निघून गेली होती. काकाही विसरून गेले. तिने जादा किल्ली आणून त्यांच्याच हातात ठेवली, तेव्हा तर विषयच मिटला असं त्यांनी धरलं.

समुद्र दरवर्षी त्या घराच्या जवळ सरकत होता. लहानपणी जिथे दोघं भावंडं धावायची, तिथे आता पाणी होतं. अशात बातमी आली, की किनारा वाचवायला सरकारने निधी मंजूर केलाय. मोठ्या नळातून वाळू आणून किनाऱ्याची झिजलेली पुळण पुन्हा भरणार, पुढे दगडांचा बांध घालणार. शाळेच्या हॉलमध्ये सभा झाली. काका पहिल्या रांगेत हाताची घडी घालून बसले.

"वाळू आणाल, पण ती राहील याची खात्री काय?" त्यांनी इंजिनीअरबाईंना विचारलं.

"खात्री नाही देता येणार," बाई सरळ म्हणाल्या. "थोडी वाहून जाणारच. काही वर्षांनी परत भरावी लागेल."

हॉल हसला. काका मात्र हादरले. सरकारी माणूस आणि खरं बोलतो? म्हणजे नक्कीच याच्यामागे काहीतरी मोठं शिजतंय. घरी जाताना त्यांनी बायकोला सांगून टाकलं, "घरं उठवून हॉटेल बांधणार आहेत. वाळू आपल्यासाठी नाही, पाहुण्यांना लोळायला."

पुढच्या आठवड्यात सरकारी माणसं आली आणि किनाऱ्यावर लाल रंगाच्या खुंट्या ठोकून गेली. शेवटची खुंटी बहिणीच्या घराच्या पलीकडे, कुंपणाच्या कोपऱ्याला. ती पाहून काकांना रस्त्याचं काम आठवलं. गावात रस्ता रुंद केला होता, तेव्हाही अशाच लाल खुंट्या आल्या होत्या. दोन खुंट्यांच्या आत जे जे आलं ते ते पाडलं गेलं. काकांच्या दुकानाचा ओटा आणि त्यावरची सावली तेव्हाच गेली होती. लाल खुंटीच्या आत सापडू नये, हे त्या रस्त्यावरचं पोरसुद्धा शिकलं होतं.

काकांनी रविवारची दुपार निवडली. सगळे जेवून आडवे झालेले, बहीण बाजारात गेलेली. त्यांनी ती खुंटी हलवून हलवून उपटली, घराच्या अलीकडे आणली आणि दगडाने ठोकून बसवली. जुना खड्डा पायाने बुजवला. घर खुंट्यांच्या बाहेर गेलं. घामाघूम होऊन घरी आले आणि कितीतरी दिवसांनी निवांत झोपले. बहिणीला सांगितलं नाही. तिला कशाला उगाच घोर लावायचा?

मध्ये बाईंची बदली झाली. नवे साहेब आले, त्यांनी या खुंटीपासून त्या खुंटीपर्यंत मोजलं, आणि निधी तेवढ्याच किनाऱ्याला मिळाला.

मग खरोखरच वाळू आली. लांब नळातून पाण्याबरोबर धो धो पडली आणि यंत्रांनी ती पसरली. एकही घर पडलं नाही. हॉटेलही आलं नाही. काका रोज जाऊन बघत होते, आज ना उद्या लबाडी उघडी पडेल म्हणून. पुळण रुंद झाली, पुढे दगड रचले गेले, आणि एका सकाळी यंत्रं थांबली. बरोब्बर लाल खुंटीपाशी. त्यापुढे बहिणीचं घर उघडंच राहिलं. बांधावर आपटून वळलेल्या लाटा आता तिथेच येऊन माती कुरतडायला लागल्या. पहिल्याच उधाणात कुंपण गेलं.

बहीण दुकानात आली ती थेट स्टुलावर बसली. "दादा, सगळ्यांची घरं बांधाच्या आत घेतली आणि माझं एकटीचं सोडलं. मुद्दाम केलंय कुणीतरी. आयुष्यभर तू सगळ्यांवर संशय घेतलास, मी हसत आले. आता माझ्यासाठी घे. शोधून काढ, कोण आहे तो."

काकांच्या हातातली कानस थांबली. "बघतो," एवढंच ते म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना पक्की खात्री होती, आणि ती कुणाला सांगण्याची सोय नव्हती.

दोन दिवस त्यांना अन्न गोड लागलं नाही. मग साहेबांच्या कचेरीत जाऊन त्यांनी सांगून टाकलं. साहेबांनी चष्म्यावरून पाहिलं.

"खुंटी तुम्ही हलवली? का?"

"घर वाचवायला."

"घर वाचवायला म्हणून घरापुढची वाळू घालवली?" साहेब हसले. "काका, बांध वाढवून घ्यायला लोक काय काय सांगतात! तुम्ही म्हणता ते खरं कशावरून? पुढचा निधी येईल तेव्हा अर्ज करा."

"पुढचा कधी?"

"ते मी कसं सांगू?"

काका तिथून सरळ बहिणीकडे गेले. ती मशीनवर बसली होती. मागच्या खोलीच्या भिंतीला तडा गेलेला दिसत होता.

"खुंटी मी हलवली," काका दारातूनच म्हणाले. "मला वाटलं, आतली घरं पाडणार. रस्त्याच्या वेळी पाडली होती ना, तसं. तुझं घर वाचावं म्हणून केलं गं. दुसरं काही नव्हतं मनात."

मशीन थांबली. तिने मान वर करून त्यांना न्याहाळलं. ती नजर काकांच्या ओळखीची होती. गिऱ्हाईक किल्ली पुढे करतं तेव्हा ते स्वतः तसंच पाहायचे.

"मला का नाही सांगितलंस तेव्हा?"

"तुला घोर नको म्हणून."

"बाबांच्या सहीवरही तूच शंका घेतली होतीस," ती हळू म्हणाली. "घर मला मिळालं ते तुला खुपत होतं का, दादा?"

"नाही! देवाशपथ नाही!"

"खात्री काय?" तिने विचारलं. चिडून नाही, टोमणा म्हणूनही नाही. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. इतकी वर्षं लोकांना हा प्रश्न विचारताना त्याचं उत्तर काय असतं, याचा काकांनी कधी विचारच केला नव्हता.

"माझी किल्ली आणून दे," ती म्हणाली आणि पुन्हा मशीनवर वाकली.

त्यांनी त्याच संध्याकाळी खिळ्यावरची किल्ली नेऊन दिली. चहा विचारला गेला नाही.

महिन्याभराने काका तिकडून जात होते. घर बंद होतं. दारावर नवं कुलूप लागलेलं दिसलं. अशी कुलपं काका ठेवत नसत, ती शहरातल्या दुकानातून आणावी लागत. काका जवळ गेले. लाटांचे तुषार थेट दारापर्यंत येत होते आणि कुलपाच्या तोंडाशी गंजाची तांबूस कड धरली होती. तेल पडलं नाही, तर पावसाळ्याआधी ते हमखास अडकणार, आणि ती बिचारी दारात ताटकळत बसणार.

काकांनी खिशातून बाटली काढली, बूच उघडलं, वाकून कुलपाला हात लावला. तेवढ्यात त्यांच्या मनात आलं, आपल्याला इथे असं कुणी पाहिलं तर? बहिणीच्या बंद दाराशी, कुलूप हातात घेऊन?

त्यांनी बूच लावलं, बाटली खिशात टाकली आणि कुलूप तसंच कोरडं सोडून ते घाईघाईने निघून गेले.