फादर नेल्सनसाठी खणलेला खड्डा

गेल्या मंगळवारी आमच्या गावाने एक खड्डा चुकीचा खणला. उदगीरहून निलंग्याकडे जाताना लागतं ते आमचं गाव... तिथे माझं किराणा दुकान आहे. आणि खड्डा होता फादर नेल्सन यांच्यासाठी. वय जेमतेम तिशीचं.

गावाबाहेर तीन फादर एकत्र राहतात, मुलांचं हॉस्टेल चालवतात. नेल्सन त्यांच्यात सगळ्यात लहान, वसईकडचे. आले त्याच दिवशी दुकानात येऊन त्यांनी अंडी मागितली... लिंगायताच्या दुकानात! कळल्यावर बिचाऱ्यांनी कानाला हात लावला. पुढे मात्र साखर न्यायला आले की आधी विचारायचे, "अण्णा, अंडी आली का हो?"

त्यांच्या घराची एक रीत मला कधी पचली नाही. तिथे कुणाचंच काही स्वतःचं नसतं. नेल्सनच्या आईने वसईहून शाल पाठवली, तर थंडीभर ती मोठे फादर पांघरून फिरले. स्वयंपाकही पाळीने. गुरुवारी नेल्सनची पाळी, म्हणजे भात करपणार हे अख्ख्या हॉस्टेलला माहीत.

एकदा मी म्हटलं, "फादर, शालीचं असं झालेलं बघून आईला वाईट वाटत नसेल?" तर हसून म्हणाले, "अण्णा, आईने मलाच देऊन टाकलंय, शालीचं काय घेऊन बसलात!" मीही तेव्हा हसलो होतो...

मग ताप आला. साधाच असेल म्हणून अंगावर काढला. लातूरला नेईपर्यंत फार उशीर झाला होता, आणि परत आणलं ते पेटीतूनच.

आईचं फोनवर एकच मागणं होतं, लेकाला वसईला आणा. पण ज्या घरात व्रत घेऊन राहायचं, त्याच घराच्या आवारात मातीही व्हायची, असा त्यांचा नियम. मोठ्या फादरांनी हे सांगितलं तेव्हा ते स्वतःच रडत होते. मग आई-वडीलच इकडे यायला निघाले.

इथे याआधी कुठले फादर वारले नव्हते. आवारातला एक कोपरा ठरला आणि खणायचं काम आम्ही मागून घेतलं. आमच्यातही पुरतातच की, त्यात विचारायचं काय! आमचे शिवमूर्ती अप्पा यातले जाणते... सत्तरी गाठली तरी त्यांच्याइतक्या झपाट्याने कुणी कुदळ चालवत नाही. सकाळीच त्यांनी काम उरकलं.

आई-वडील पोचले तेव्हा मिस्सा, म्हणजे त्यांची प्रार्थना, सुरू व्हायला आली होती. ऊन तापलेलं, बाहेरगावच्या फादरांना परतायची घाई. आईने लेकाच्या कपाळावर हात ठेवला न ठेवला, तोच मागची रांग पुढे सरकली. प्रार्थना झाली, गाणी झाली, पेटी बंद झाली... एवढ्या लांबून आलेल्या त्या बाईला तेवढाच काय तो लेक मिळाला. मला बघवेना.

पेटी खड्ड्यापाशी आणली आणि सगळे थबकले. खड्डा चौकोनी होता... छातीइतका खोल, आत कोनाडा. आम्ही आमची माणसं मांडी घालून बसवतो. यांच्यात आडवं झोपवतात, हे आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही! धरणीने पोटात घ्यावं असं झालं मला.

अप्पांनी कुदळ टाकली आणि आईंपुढे हात जोडले. "चुकलं माय आमचं... आपलंच लेकरू समजून खंदलाव बगा. आमच्यात बसवतेत."

आईंनी त्या खड्ड्यात वाकून पाहिलं. मग विचारलं, "नीट करायला किती वेळ लागेल?"

"लई न्हाई माय, आत्ता उरकताव," अप्पा घाईघाईने म्हणाले.

"नको..." आई म्हणाल्या. "सावकाश खणा, बाबा."

मोठ्या फादरांनी ते ऐकलं. त्यांनी पेटीचं झाकण उघडायला लावलं आणि पाहुण्यांना कडुलिंबाखाली बसवलं. आई पेटीला टेकून मातीतच बसल्या. लेकाच्या केसांतून हात फिरवत बोलत होत्या... किती वाळलास रे, जेवत नव्हतास का... वडील मागे उभं राहून डोळे पुसत होते.

थोड्या वेळाने मोठे फादर आत गेले आणि ती शाल घेऊन आले. आईंनी ती उलगडली, लेकाच्या अंगावर घातली, गळ्यापाशी नीट खोचली. आता ती त्याची एकट्याची होती.

आणि अप्पा? तो झपाट्याचा माणूस एकेक ढेकूळ उचलून बाजूला ठेवत होता. कडा सरळ झाल्या तरी पुन्हा तासत होता. ऊन कललं, तरी कुणी त्यांना घाई केली नाही. शेवटी आईंनीच मान हलवली, तेव्हा अप्पा खड्ड्यातून वर आले.

काल गुरुवारी अप्पा दुकानात आले होते. तोंड पाडून म्हणाले, "जल्मभर खंदत आलो बगा, आन् फादरच्याच वक्ताला चुकलो."

मी नुसता चहा पुढे केला. म्हणून इथे लिहितो... अप्पा, तुम्ही चुकलात म्हणून त्या माउलीला तिचा लेक दुपारभर मिळाला.