तीन क्षची जागा

महायुद्ध संपून कागद पुन्हा मिळू लागला, तेव्हा नगरच्या शाळेत गणित शिकवणाऱ्या मला बीजगणिताचं पुस्तक लिहायची खुमखुमी आली. छापखान्यात शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवायला एक वयस्कर गृहस्थ होते. मी त्यांना बजावलं, "बरोबरच्या चिन्हाखाली बरोबरचं चिन्ह, पदाखाली पद. केसाचाही फरक नको." ते मधे शिशाचे बारीक तुकडे सारून ओळी जुळवायचे आणि शेवटी त्यांवरून अंगठा फिरवायचे.

एकदा त्यांनी मला थांबवलं. "मास्तर, वरच्या ओळीत तीन क्ष हाय. खाली त्याची जागा रिकामी पडती."

"तुम्ही खिळे जुळवा, गणित मी बघतो," मी गुरकावलो.

घरी उदाहरण पुन्हा सोडवलं, तर तीन क्ष मीच गाळला होता. उत्तरही साफ चुकलं होतं. दुसऱ्या दिवशी मान खाली घालून छापखान्यात गेलो.

"तेवढी जागा मोकळीच ठिवलीय," ते म्हणाले. "मला गनित येत न्हाई, पर अंगठ्याला खड्डा कळतो."

पुस्तक निघालं. मुखपृष्ठावर 'गणिततज्ज्ञ' म्हणून माझं एकट्याचं नाव होतं. ते त्यांनी अगदी मधोमध बसवलं होतं.