धाकट्या आत्या पुसट आल्या

माझ्या सासरी माझ्या फोटोग्राफीबद्दल दोन मतं नाहीत.

मी अंबडच्या एका कारखान्यात मशीनच्या भागांची मापं तपासतो. केसाएवढा फरक निघाला तरी माल परत पाठवतो. तेव्हा सासऱ्यांच्या एकसष्टीला फोटोग्राफर कशाला, मी आहे ना, असं परस्पर जाहीर करून टाकलं. नवा कॅमेरा होता, मागचं सगळं मऊ धूसर करणारी महागडी लेन्स होती. (बायको म्हणाली होती, आधी शिकून घ्या. पण ती जरा निराशावादीच आहे.)

कार्यक्रम सातपूरला, सासऱ्यांच्या घरीच. त्यांच्या दोघी बहिणींचा एका लग्नातल्या मानपानावरून कित्येक वर्षं अबोला होता. सासऱ्यांनी हातापाया पडून दोघींना एका फोटोपुरतं राजी केलं. थोरल्या आत्या पुढे खुर्चीवर, धाकट्या मागच्या रांगेत. खोलीत उजेड बेताचा, म्हणून मी अपर्चर सताड उघडलं आणि बटण दाबलं.

सगळ्यांनी कॅमेऱ्याच्या पडद्यात डोकी घातली. थोरल्या आत्यांच्या नथीतला मोती न मोती मोजता येत होता. धाकट्या आत्यांच्या जागी एक जांभळा ढग होता.

"हिनंच सांगितलं ना, मला पुसून टाका म्हणून?" धाकट्या आत्या शांतपणे म्हणाल्या आणि चपला शोधू लागल्या.

मी घाईघाईनं समजावलं. अपर्चर म्हणजे लेन्समधलं भोक. ते मोठं उघडलं की एकच रांग स्पष्ट येते, बारीक केलं की सगळे येतात. फक्त भोक बारीक करायला आकडा वाढवायचा असतो. सासरे म्हणाले, म्हणजे सगळं उलटंच की. पण त्यांनी बहिणीला दारातून परत आणलं.

आता मी भोक पार सुईएवढं केलं. उजेड कमी शिरणार, म्हणजे फोटोला वेळ लागणार. कॅमेरा स्टुलावर ठेवला, कुणी श्वासही घेऊ नका असं बजावलं, टायमर लावला आणि माझ्या जागेकडे धावलो. वाटेत सतरंजीत पाय अडकला.

फोटोत एकजात सगळे लख्ख आले. दोघी आत्यांच्या मधोमध मात्र चार हातांचं, बिनचेहऱ्याचं, पांढरट काहीतरी तरंगत होतं.

धाकट्या आत्यांनी बराच वेळ निरखलं. मग थोरलीच्या खांद्यावर हात टाकून म्हणाल्या, "ताई, हा जावई नाय गं. मुंजा हाय."

दोघी डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसल्या. जेवायलाही शेजारी शेजारी बसल्या.

तो फोटो आता सासरी भिंतीवर आहे. मधला तो कोण, असं प्रत्येक पाहुणा विचारतो. सासूबाई संकोचून सांगतात, "आमचे जावईबापू. फोटो त्यांनीच काढलाय."